गोड पांढरा

चिमणीचं पिल्लू पडलं ते थेट नमिताच्या मांडीवर. जिवंत होतं, पण कसलं जिवंत! मान धरवत नव्हती, पाय चिंधीसारखे लोंबत होते. आधीची दोन अशीच पडून मेली होती. घरट्यातलं हे शेवटचं.

"मेलं का गो?" शेजारच्या पाटावरून सासूनं, हौसानं, विचारलं.

"नाय अजून," नमिता म्हणाली.

पेणला रामवाडीतल्या गणपतीच्या कारखान्यात या सासू-सुना आखणीला बसायच्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. हौसाचा हात त्यात लग्न होऊन आल्यापासून असा बसलेला की मालक, दाजी, मोठ्या मूर्तीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. तिनंच सुनेला शिकवलं. केसासारखी रेघ हवी तर ब्रशचं टोक ओठात धरून फिरवायचं. पाण्यात बुडवून तसं टोक येत नाही. पहिल्या दिवशी नमिताला वाटलं, कडूजहर लागणार. कसलं काय! दाजींच्या जुन्या डब्यातला तो झळझळीत पांढरा चक्क गोड लागला. "सगळा खाऊ नको गो, बाप्पाच्या डोळ्यांना ठेव थोडा," हौसा म्हणाली, आणि अख्खा कारखाना खो-खो हसला.

पुढे नमिताची दोन पोटातच गेली. हौसा तिला कधी वाकडं बोलली नाही, हे मान्य करायलाच हवं. बोलणार कुठल्या तोंडानं? नमिताच्या नवऱ्याच्या, हर्षदच्या, आधी तिचीही दोन अशीच गेली होती. "आपल्या घरावर देवीचा राग हाय," म्हणायची, देवीची ओटी भरून यायची आणि पदरानं डोळे पुसायची.

आता नमिताला पुन्हा दिवस गेले होते. आणि नेमकं तिच्या डोक्यावरच्या वाशात चिमणीनं घरटं केलं. हौसा हरखून गेली. "शकुन हाय गो! कुणी हात लावायचा नाय." नमितानं तर मनाशी पक्कं धरलं होतं, ही पिल्लं उडाली की माझंही जगेल. वेडी म्हणा हवं तर. दोनदा रिकामी झालेली बाई दुसरं काय धरणार?

म्हणून तर त्या मुठीएवढ्या जिवासाठी तिचा जीव असा खालीवर होत होता. बोटावर पाण्याचा थेंब घेऊन तिनं त्याची चोच फाकवली. आत पांढरे कण होते.

तेवढ्यात चिमणी खाली आली. जरा इकडेतिकडे बघून नमिताच्या रंगाच्या वाटीवर बसली. वाटीच्या काठावर पांढऱ्याचे पोपडे वाळले होते. त्यातला एक तिनं टोचून काढला आणि भुर्रकन रिकाम्या घरट्यात गेली.

"अगो सटवे!" नमिता ओरडली. "पोरांच्या तोंडात रंग घालतेस होय! तूच मारलंस गो त्यांना, तूच!"

तिनं वाटीवर फटकन झाकण ठेवलं. पिल्लू तोवर हातातच गार झालं होतं. तिनं ते रद्दी कागदात गुंडाळलं, आणि रडू आवरेना तेव्हा तशीच रडली.

हौसानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पाखराला काय कळतंय गो, काय तोंडात घालावं नि काय नाय? गोड लागलं असेल, नेलं बिचारीनं."

नमितानं नाक पुसलं. काम तर थांबणार नव्हतं. समोरच्या मूर्तीचा एक डोळा झाला होता, दुसरा राहिला होता. ब्रशचे केस फिसकटले होते. सवयीनं हात वर गेला, टोक ओठांत आलं, एक गिरकी घेतली. जीभ गोड झाली.

तिचा हात तिथेच थिजला. दुसरा हात आपोआप पोटावर गेला.

"थांबलीस काय गो?" हौसानं विचारलं. तिच्याही ओठांत ब्रशचं टोक होतं.

"आई, तो ब्रश तोंडातून काढा," नमिता म्हणाली. "तुमची दोन आणि माझी दोन, देवीनं नाय नेली."