डावे हात

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शिक्षण समितीचे तपासनीस तोयिरोव उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या शाळेतल्या दहावीच्या वर्गात शिरले आणि कोरा तपासणी-अर्ज घेऊन मागच्या बाकावर बसले. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सालोमत आपांच्या हातातला खडू मोडला.

या तासावर त्यांची नोकरी अवलंबून होती. हिवाळ्यापासून आपा विसरत होत्या. आधी किल्ल्या, मग मुलांची नावं, एकदा तर घराची गल्ली. हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं.

तासाची तालीम कालच झाली होती. अशा तासाला सगळ्यांनी हात वर करायचा, ही इथली जुनीच रीत. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. आपा उजव्यालाच उठवणार.

"मी दोन्ही करू का, आपा? मला अर्धंच येतं," अख्रोर म्हणाला होता. वर्ग खो खो हसला होता.

आज कुणी हसत नव्हतं. फळ्यावर तारीख आणि विषय आपांनी सकाळीच लिहून ठेवला होता. आता त्यांनी खाली हायड्रोकार्बनच्या तीन कुळांची सूत्रं लिहिली. अल्केन, अल्कीन, अल्काइन.

"अल्काइनचं सूत्र कोण समजावून सांगेल?"

सगळे हात वर गेले. सगळे डावे. झोपेतून उठवलं तरी सूत्रं म्हणणाऱ्या मुनिसाचाही डावाच.

"वा, आपा! अख्खा वर्ग हुशार," तोयिरोव म्हणाले. "उठवा की कुणालाही."

उठवायला एकही उजवा हात नव्हता. मुनिसा न विचारताच उभी राहिली.

"आपा, फळ्यावर ऊन पडलंय, मला दिसत नाही. जरा वाचून दाखवता?"

आपा वळल्या. अल्काइनमध्ये हायड्रोजन दोनने कमी हवे. त्यांनी 'उणे दोन'च्या जागी 'अधिक दोन' लिहिलं होतं. म्हणजे पोरांना येत होतं. पोरं त्यांना सावरत होती.

त्यांनी तळहाताने चिन्ह पुसलं आणि नीट लिहिलं. "खडूच मेला असा मिळतो," त्या हसून म्हणाल्या. "हं, आता सांगा."

हात वर गेले. पुन्हा सगळे डावे.

आपांनी तिन्ही सूत्रं मनात तपासली. बरोबर होती. पुन्हा तपासली. बरोबरच होती. मुनिसा फळ्याकडे पाहत होती, पण सूत्रांकडे नाही. वर, कोपऱ्यात. आपांनी तिकडे पाहिलं.

त्यांच्याच वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं: बारा एप्रिल, १९९६. वर्गातलं एकही मूल त्या सालापर्यंत जन्मलेलं नव्हतं.

मागच्या बाकावर तोयिरोवांनी चष्मा लावला होता. अर्जाच्या पहिल्या ओळीत ते फळ्यावरची तारीख उतरवून घेत होते.