पडद्याबाहेरचा रेडिओ

तिनं कॉम्प्युटरवर बाबांचं नाव टाकलं आणि बोट तसंच अधांतरी राहिलं. आता नुसतं एक बटण, की बाबांचे सगळे रिपोर्ट समोर.

बाबा वरच्या मजल्यावर भरती होते. ती याच हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स, तरी त्यांना नेमकं काय झालंय ते तिलाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर आले रे आले की बाबा तिला चहा आणायला पिटाळत. ती कप सांभाळत परत येईस्तोवर बोलणं आटोपलेलं असे. विचारलं तर म्हणत, म्हातारपण झालंय, त्यावर औषध निघालं की सांगतो.

स्क्रीनवर नावाखाली प्रश्न होता: या रुग्णाशी आपला संबंध? खाली पर्याय होते. उपचार करणारे डॉक्टर. वॉर्डातली नर्स. लॅब. त्यात मुलगी नव्हतीच.

“अगं, वॉर्डातली नर्स दाब की,” शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली. “सख्ख्या बापाची फाईल. कोण तुला फासावर चढवतंय?”

ती लहान असताना बाबा एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीला दार नव्हतं, नुसता हिरवा पडदा. पेशंट आत गेला की बाबा बाटल्यांमागचा रेडिओ मोठा करत, बाहेर आला की बारीक. शाळा सुटल्यावर बाकावर पाय हलवत बसलेल्या तिला त्या काळची सगळी गाणी अशी तुकड्यातुकड्यानं पाठ झाली. कुणाला काय झालंय, ते मात्र कधी कळलं नाही. एकदा तिनं पडद्याला कान लावला होता. बाबा रागावले नाहीत. तिला उचलून बाकावर ठेवलं आणि आवाज आणखी वाढवला.

तिनं टाकलेलं नाव पुसलं.

ती वर गेली तेव्हा डॉक्टर नुकतेच आले होते. बाबांनी चहाचं नाव काढायच्या आत तिनं त्यांच्या उशाशी असलेला तोच जुना रेडिओ मोठा केला, खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. गाणं अर्ध्यावर आलं होतं. पुढचं तिला येत होतं.

कडव्याच्या मधेच रेडिओ बंद झाला.

“आत ये,” बाबा म्हणाले. “आज चहा डॉक्टर आणतील.”