थरथर

वलवणच्या नथूआबांनी लोणावळ्यातल्या हॉटेलांत तीस वर्षं गिटार वाजवली होती. गिटारचा आवाज मोठा करणारा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा आपला जुना ॲम्प घेऊन ते तिसऱ्यांदा सारिकाच्या दुरुस्तीच्या दुकानात आले.

"सूर थरथरवायचं बटन बंद हाय, तरी सूर थरथरतोयच गं पोरी."

सारिकानं मागच्याच खेपेला व्हॉल्व्ह बदलले होते, वायरींना नव्यानं डाख दिला होता. तिनं स्वतः वाजवून पाहिलं, तर सूर अगदी सरळ आला. मग तिनं गिटार आबांच्या हातात दिली. तारेवर दाबलेली त्यांची बोटंच थरथरत होती.

"बिघाड ॲम्पमदीच हाय न्हवं?" आबांनी तिच्याकडं न बघताच विचारलं.



"हो आबा," सारिका म्हणाली, "पण तो पार्ट आता कुठंच मिळत नाही."