सातशे बारा हरकती

"हरकती सातशे बारा आहेत, पण मजकूर एकच आहे. म्हणजे नियमाने ही एकच हरकत," सुनावणीला बसलेले अधिकारी म्हणाले आणि त्यांनी कागदांचा गठ्ठा कोपराने बाजूला सारला. "एकाने बोलायचं. पाच मिनिटं. मग आपण सगळे मोकळे."

हॉलमध्ये विश्रांतवाडीच्या पुढची निम्मी वस्ती कोंबून बसली होती. प्रश्न एका मोकळ्या जागेचा होता. त्या जागेवर बावीस वर्षं पाटी होती : रुग्णालयासाठी राखीव. पाटी गंजली. भोवती बारा-बारा मजली इमारती उठल्या, माणसं दसपट झाली. रुग्णालय काही आलं नाही. आता तिथे मॉल काढायचं घाटत होतं. आज हरकती फेटाळल्या की आरक्षण उठणार, आणि मग रुग्णालयाचं नावसुद्धा काढायची सोय उरणार नव्हती.

सगळ्यांच्या माना बुद्धभूषण ओव्हाळांकडे वळल्या. कारण हा गठ्ठा त्यांचाच प्रताप होता. ओव्हाळांनी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेली. मसुदा त्यांनी असा काटेकोर केला की कुणाला स्वल्पविरामालाही हात लावू देईनात. मग त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि घरोघर फिरून सह्या घेतल्या. वेणूबाई भोसुऱ्यांनी तेवढा आगाऊपणा केला होता. आपल्या नवऱ्याच्या, कोंडीरामच्या कागदावर त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या : 'मालकांना दम लागतो. दवाखाना लई लांब हाय.' ओव्हाळांनी त्या लाल पेनाने खोडल्या होत्या.

"वेणूबाई, कागदावर मुद्दा हवा. भावना नको," असंही वर ऐकवलं होतं.

आता त्याच कागदांनी घात केला होता. ओव्हाळ उठले. मानेवरचा घाम पुसला.

"साहेब, मी एकटा बोलणार नाही."

"मग काय संमेलन भरवायचं?"

"हरकत एकच होती, तर सुनावणीच्या नोटिसा सातशे बारा का काढल्यात? प्रत्येकाच्या घरी, प्रत्येकाच्या नावाने आल्यात. बोलावलंत ना? आता ऐका."

हॉलमध्ये खसखस पिकली. साहेबांनी फाईल मिटली, परत उघडली. "ठीक आहे. नावं पुकारा. जो हजर नाही, त्याची हरकत तिथल्या तिथे निकाली. आणि शेऱ्याच्या रकान्यात नोंद करा," त्यांनी शेजारच्या लेखनिकाला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धे लोक कंटाळून घरी जातील असा त्यांचा हिशेब होता. दुपारचे दोन वाजले तरी कुणी हललं नाही. पुण्यातला माणूस दुपारची झोप सोडून बसला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

हिंजवडीला नोकरी करणारा केदार रजा टाकून आला होता. "मुलगा तापाने फणफणला होता. चार किलोमीटरला सव्वा तास लागला. तेवढ्यात ऑफिसची एक अख्खी मीटिंग मी गाडीत बसून संपवली," तो म्हणाला.

दुर्गाबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नदीपलीकडे जावं लागे. "दोन बस जाताना, दोन येताना. निम्मा दिवस बसमध्ये, निम्मा दवाखान्यात. घरी मी पाहुणी म्हणून येते," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

माणसं उठत होती, आपलं सांगत होती. मसुद्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ओव्हाळ आपली प्रत हातात धरून ऐकत राहिले. एकाचं दुसऱ्यासारखं नव्हतं. आपणच हे सगळं एका साच्यात घालून चपटं केलं, या विचाराने त्यांना मान वर करवेना.

"क्रमांक एक्केचाळीस. कोंडीराम भोसुरे."

कुणी उठलं नाही.

"भोसुरे आहेत का? नाहीत. लिहा, गैरहजर. हरकत निकाली."

"थांबा," वेणूबाई उठल्या. त्यांच्या हातात दोन नोटिसा होत्या. "नुसतं गैरहजर नका लिहू."

"बाई, तुमचं नाव पुढे आहे. तुमच्या वेळी बोला."

"माझं नंतर. आधी त्यांचं. पहिल्या सह्यांतली सही त्यांची होती, पार उन्हाळ्यात."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग आज कुठे आहेत ते? नोटीस मिळाली ना?"

"नोटीस परवा आली. मालक गौरी जेवल्या त्या दिवशी गेले. दम उठला म्हणून रिक्षात घातलं. चौकात पाऊण तास रिक्षा हलली नाही. माझा हात धरून म्हणत होते, आलं का गं, आलं का. मी म्हणत होते, आलंच. खोटं बोलत होते मी. दवाखाना लई लांब हाय, साहेब. तिथंच राहिले ते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हलक्या आवाजात लेखनिकाला म्हणाले, "शेऱ्यात लिहा : हरकतदार मयत."

लेखनिकाने पेन टेकवलं. तेवढ्यात ओव्हाळ गर्दीतून वाट काढत थेट टेबलाशी आले आणि त्यांनी त्या रकान्यावर पंजा ठेवला.

"बाई बोलल्या तसं लिहा," ते म्हणाले. "एक शब्द खोडायचा नाही."