चिमूटभर पूड

"आजी, डोकं हलवू नका," डॉक्टर ओनेइदा म्हणाली.

पास्तोरा हलत नव्हती, थरथरत होती. वरचा दिवा थेट उजव्या डोळ्यात शिरला होता. डोळा बधिर केला होता, पण जीभ आणि भीती जागच्या जागी होती. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. उरलेल्या या एकात मोतीबिंदू पिकला होता. आज हात चुकला तर कायमचा अंधार. ग्वापी नदीकाठी चार हजार बाळंतपणं केलेली सुईण मग दारात बसून दुसऱ्याच्या हातून जेवणार.

"एवढं काय घाबरायचं?" नर्स हसली. "तुमच्याच हातावर जन्मलेली पोरगी आहे. अख्ख्या देशात असा हात नाही. आणि तो दिला कुणी? तुम्हीच की!"

पास्तोराला भीती नेमकी त्या हाताचीच होती.

नदीकाठी बाळाची नाळ कापली की सुईण बेंबीत चिमूटभर पूड भरते. जशी पूड, तसं मूल. पास्तोराने ज्याच्या बेंबीत मुंग्यांची पूड भरली, तो मुष्टियुद्धात जगज्जेता झाला. जिच्या बेंबीत रानपाखराचं पीस जाळून भरलं, तिचं गाणं परदेशातल्या रेडिओवर वाजलं. आणि ओनेइदाच्या बेंबीत होती कोळीकिड्याची पूड. जाळं विणताना त्याचा पाय कधी चुकत नाही. जिथे काळी बाई दिसली की लादी पुसणारी समजतात, त्या राजधानीत ही पोरगी डोळ्यांची सर्जन झाली, पदकं घेऊन आली, ती त्या पुडीमुळेच. निदान सगळी नदी तसं सांगायची. या दवाखान्याच्या भिंतीवर तिघांचे फोटो होते, आणि त्यांच्या खाली पास्तोराचा.

कसली पूड नि कसलं काय! ओनेइदा जन्मली होडीत, भर पुरात. होडी कलंडता कलंडता वाचली, पण पास्तोराची पुड्यांची पेटी पाण्यात गेली. बाळंतीण ग्लानीत होती. पास्तोराने रिकामी चिमूट बाळाच्या बेंबीवर दाबली आणि ठणकावून सांगितलं, "कोळीकिडा भरलाय हो! पोरीचा हात जन्मात थरथरायचा नाही." ते खोटं तिने एकेचाळीस वर्षं गिळून ठेवलं होतं. आता त्याच पोरीच्या हातात पातं होतं.

पातं डोळ्याजवळ आलं.

"थांब गं!" पास्तोरा ओरडली. "तुझ्या बेंबीत काही नाही. पेटी वाहून गेली होती. मी खोटं बोलले, पोरी. तुझ्या हाताचा भरवसा नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलाव!"

नर्सच्या हातातलं भांडं वाजलं.

"माहीत आहे मला," ओनेइदा म्हणाली. "पेटी वाहून जाताना आईने ग्लानीतही अर्धवट डोळ्यांनी पाहिली होती. मी आठ वर्षांची असताना तिने सांगितलं. म्हणाली, कुठे बोलू नकोस, म्हातारीची लाज राख."

"आणि तरी चाकू हातात घेतलास?" पास्तोराचा आवाज चिरकला. "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. फार वाटली. तेव्हापासून आई बाजारातून माशांची डोकी आणते आणि मी त्यांच्या डोळ्यांना टाके घालत बसते. कालसुद्धा बसले होते."

तिने आपला हात दिव्याखाली धरला. पास्तोराला धुक्यातून त्याची नुसती सावली दिसली. सावली जरासुद्धा हलत नव्हती.

"बेंबीत पूड असती ना आजी, तर मी कशाला एवढी मरमर केली असती?"