चांदपाशाची कुऱ्हाड

तिसरा घावही वाया गेला. कुऱ्हाड चिंचेच्या गाठीत रुतून बसली आणि मुकुंदराव दोन्ही हातांनी दांडा ओढत राहिले.

"राहू द्या की," पद्मावतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "वखारीतून फोडलेली लाकडं आणू."

"पाणी तापवायचंय. पोरगं सहा महिन्यांनी घरी आलंय."

प्रभाकर ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. गुलबर्ग्याच्या तुरुंगात त्याला विषमज्वर झाला, म्हणून बाकीचे सत्याग्रही सुटले तरी तो दवाखान्यातच राहिला. काल नामपल्लीला गाडीतून उतरला तेव्हा वडिलांनी त्याला आधी ओळखलंच नव्हतं.

"ही पाशाचाचांची कुऱ्हाड ना, अण्णा?"

"हौ."

निर्मळच्या लोहाराकडून घडवून आणलेलं पातं, तिवसाचा दांडा, वीस वर्षं हातात फिरून गुळगुळीत झालेला. चांदपाशा दर पंधरवड्याला अंबरपेठेतल्या या घरी लाकडं फोडायला यायचा. ओंडका पायाने फिरवून बघायचा, चीर शोधायचा आणि मग एकच घाव. जोर लावताना तो कधी दिसला नाही. कुऱ्हाड मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही.

"चाचा येत नाहीत आता?"

मुकुंदरावांनी हिसका देऊन कुऱ्हाड सोडवली. गाठीत पाचर बसवायला ते खाली वाकले.

निजामाविरुद्ध सत्याग्रह केला म्हणून उन्हाळ्यात प्रभाकरवर वॉरंट निघालं होतं. तेव्हा चांदपाशानेच अंगणातला लाकडांचा ढीग नव्याने रचला होता, मागे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. घरच्या तिघांखेरीज ती जागा फक्त त्याला ठाऊक. बाराव्या दिवशी सकाळी ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, चार शिपाई घेऊन आला. घरात पाऊलही न टाकता तो सरळ ढिगाकडे गेला.

त्याच आठवड्यात रझाकारांनी घराघरांतून झडत्या सुरू केल्या होत्या. मागच्या गल्लीत लपलेल्या दोघा तरुणांना त्यांनी अंगणात ओढून मारलं होतं. "पोलिसांनी नेलं, निदान जिवंत तरी राहील," पद्मावतीबाई तेव्हा म्हणाल्या. मुकुंदराव त्यांच्यावर असे ओरडले, की पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

दुसऱ्याच दिवशी चांदपाशा कामावर आला. मुकुंदरावांनी त्याला अंगणातच अडवलं.

"अमीनला तू सांगितलंस?"

"मैं नै बोला, साब."

"मग कोणी सांगितलं?"

चांदपाशा बराच वेळ जमिनीकडे बघत उभा राहिला. "ये मत पूछो, साब," एवढंच म्हणाला.

मुकुंदरावांना तेवढं पुरलं. अदालतीत न्यायाधीशापुढे पंचवीस वर्षं पेशकारी, म्हणजे कारकुनी, केलेला माणूस. गप्प राहण्याचा अर्थ आपल्याला कळतो अशी त्यांची खात्री होती. त्यांनी त्याला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. कुऱ्हाड अंगणातच राहिली. ती मागायलाही तो आला नाही.

सप्टेंबरात हिंदी फौजा शहरात आल्या. रझाकार आणि त्यांचे साथीदार धरले जाऊ लागले. वस्तीत एक कागद फिरला, कुणाला कुणाविषयी सांगायचं असेल तर लिहा म्हणून. मुकुंदरावांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'चांदपाशा लाकूडफोड्या, रझाकारांचा खबऱ्या,' आणि खाली सही केली.

"त्याचं नाव कशाला घातलंत?" पद्मावतीबाईंनी विचारलं. "बायको एकटी पडेल त्याची."

"आणि आपलं पोरगं नेलं ते?"

त्या काहीतरी बोलणार होत्या. पण आत निघून गेल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

चांदपाशाला कैद्यांच्या छावणीत नेलं. दिवाळीनंतर कळलं, हगवण लागून तो तिथेच वारला.

तेव्हापासून मुकुंदराव स्वतःच लाकडं फोडत होते. खबऱ्या असला तरी तो मरावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. शिक्षा व्हावी, एवढंच. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. दुसरा माणूस बोलवा, असं कुणी म्हटलं की ते चिडायचे.

पाचर बसली. ते सरळ झाले आणि त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं.

प्रभाकर घोंगडी सोडून उठला. भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"अण्णा, चाचा नव्हते ते."

"तुला काय माहीत?"

"अमीननेच ठाण्यात सांगितलं मला, हसत हसत. पहाटे एक बुरख्यातली बाई आली होती म्हणे. नाव सांगेना, तोंड दाखवेना. ढिगाची खूण सांगितली आणि गेली."

पाचर ठोकायला उचललेली कुऱ्हाड मुकुंदरावांनी खाली आणली. आधी त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या, महिन्याभरात पहिल्यांदाच.

"म्हणजे त्याची बायको," ते म्हणाले. "घर एकच ना ते? त्याला माहीत होतं, म्हणूनच बोलला नाही. प्रभाकर, माझी सही अगदीच खोटी नव्हती रे."

पद्मावतीबाई दारातून अंगणात उतरल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"बुरखा तिचाच होता," त्या म्हणाल्या. "आत मी होते."