चौकट भरेपर्यंत

“बोलणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत जागचं उठायचं नाही. मधे तोंडही घालायचं नाही.” पोथीसमोर बसवताना अरुणाला आईने सांगितलं होतं. लग्नानंतर अरुणाने तो नेम माणसांनाही लावला. या चातुर्मासापासून तो कॉम्प्युटरलाही लागू झाला.

कॉम्प्युटर मुलाचा, केयूरचा. केयूर पुण्याला होस्टेलवर गेला आणि कॉम्प्युटर नेरुळच्या फ्लॅटमध्ये मागे राहिला. आता रविवारी त्याचे वडील, जयप्रकाश, त्यावरच्या खेळात तलवार घेऊन फिरत. अरुणा मागे कापूस घेऊन लाखवातींच्या वाती वळत बसे. खेळातली माणसं तोंडाने बोलत नसत. खाली एक निळी चौकट उघडायची आणि तिच्यात इंग्रजी अक्षरं एकामागून एक उमटायची, टिकटिक करत. चौकट भरली की कोपऱ्यात पांढरा बाण लुकलुकायचा. तुमचं वाचून होईपर्यंत तो तसाच लुकलुकत राहायचा. अरुणाला हे आवडलं होतं. तिचं इंग्रजी दहावीपर्यंतचं, पण चौकटीला घाई नव्हती.

जयप्रकाशला होती. दोन शब्द उमटले की तो एन्टर मारी. उरलेली अक्षरं एकदम पडत. दुसऱ्या एन्टरला चौकट गायब. शेवटी प्रश्न आला, हो की नाही, तर तो ‘हो’वर दाबी.

“‘नाही’ म्हटलं की आणखी बोलत बसतात,” त्याने एकदा अरुणाला समजावलं होतं.

मागच्या रविवारी बयाबाईचा फोन आला तेव्हाही तो खेळत होता. बयाबाई त्याची थोरली बहीण. उरणजवळच्या गावात एकटी राहते, गंगारामच्या दुकानातून फोन करते आणि सावकाश बोलते. आधी तिने अरुणाला सांगितलं. शुक्रवारी पनवेलला डोळ्याचं ऑपरेशन आहे, एकच डोळा कामाचा राहिलाय, सोबत कुणीतरी लागतं. मग म्हणाली, भावाला दे. जयप्रकाशने रिसीव्हर मानेत धरला. हात कीबोर्डवरच होते.

“हो बाय. हो. येतो ना. हो हो, नक्की.” आणि त्याने फोन ठेवला.

गुरुवारी जेवताना अरुणा म्हणाली, “अहो, उद्या वन्संचं...”

“हो हो, आहे लक्षात.”

अरुणा थांबली. शुक्रवारी तो न्हावाशेव्याला ड्यूटीवर गेला. तिथूनच परस्पर पनवेल गाठेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी तो रोजच्या वेळेला घरी आला आणि भाजी कसली आहे ते विचारलं. शनिवारी अरुणाने गंगारामला फोन लावला. त्याने जे सांगितलं, ते ती रविवारपर्यंत पोटात घेऊन बसली. त्याच्या बोलण्यात मधे जागा मिळत नव्हती.

आज जयप्रकाश एका किल्ल्याच्या दरवाजाशी अडला होता. पहारेकरी सोडेना. चौकटीत एवढंच यायचं, की तू शब्द दिला आहेस, आधी तो पाळ. जयप्रकाशने एन्टर मारला. पुन्हा तेच. तलवार चालवून पाहिली. पहारेकऱ्याला काही झालं नाही.

“कुणाला दिला मी शब्द?”

“नदीवरच्या आजीला,” अरुणा म्हणाली. “पूल पार करून द्या म्हणत होती. तुम्ही हो दाबलंत.”

“तुला काय माहीत?”

“पहिली ओळ झाली होती माझी वाचून.”

जयप्रकाश नदीवर परत गेला. आजी होती तिथेच उभी होती. त्याने तिला पुलावरून पलीकडे नेलं. ती एकेक पाऊल टाकत होती, आणि एन्टर मारून तिला पळवता येत नव्हतं. मग पहारेकरी बाजूला झाला.

“च्यायला, यांच्यात हो म्हटलेलं विसरत नाही कोणी,” जयप्रकाश हसला. “अजून कुणाकुणाला हो म्हणून बसलोय, काय माहीत.”

अरुणाने त्याचं बोलणं संपू दिलं. मग म्हणाली, “वन्संना.”

जयप्रकाशचं हसू तिथेच राहिलं.

“शुक्रवारी होतं ना ते?”

“हो.”

“मग? झालं?”

“नाही. सकाळपासून पिशवी घेऊन ओटीवर बसल्या होत्या. गंगारामची सून सोबत जायला तयार होती. तिला म्हणाल्या, नको, भाऊ येतोय.”

जयप्रकाश उठला. फोन लावला. गंगाराम बयाबाईला बोलवायला गेला. तिला यायला वेळ लागला. तोवर तो रिसीव्हर कानाशी धरून उभा राहिला.

“बोल बाय.”

बयाबाई बोलू लागली. आधी कोंबड्यांचं बोलली. मग डोळ्यातल्या पाण्याचं. मग डाक्तरने ऑपरेशनला उद्या सकाली परत बोलावलाय, ते. जयप्रकाशने तोंड उघडलं आणि मिटलं. वायर बोटाला गुंडाळली. अरुणाच्या हातातली वात अर्धीच वळलेली होती.

“त्या दिशी तू फोन ठेवलास,” बयाबाई म्हणाली, “माजं बोलनं अर्धंच रायलं. तुला ड्यूटी असंल त नको येव, मी गंगारामचे सुनेला नेईन, एवडंच सांगायचं हुतं. पन तू हो म्हनलास, मंग मी तिला कशी नेऊ? आता सांगतंय. नको येव.”

तिचं बोलणं संपलं.

“बरं,” जयप्रकाश म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याने खुंटीवरचा शर्ट चढवला, पिशवीत टॉवेल टाकला आणि उरणची शेवटची एसटी गाठायला जिना उतरू लागला.